दोन गावांची मुले : गोंदियातील नोर्ग्येलिंगच्या वाटेवर

गोंदिया जिल्हा म्हटला की डोळ्यांसमोर धानाच्या बांध्या, जुने तलाव, नागझिऱ्याचे अरण्य आणि पाणथळीत जोडीने वावरणारे सारस उभे राहतात. याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एका गावाच्या अंगणांतून निळ्या, पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या आणि पिवळ्या प्रार्थनापताका वाऱ्यावर हलताना दिसतात. गोठणगावजवळील प्रतापगड परिसरातील ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. तिचे नाव नोर्ग्येलिंग.

आरोग्याच्या पाक्षिकात या गावाची वाट कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. कारण असे की, परक्या भूमीत आलेल्या किंवा परक्या भूमीत जन्मलेल्या मुलांचे मन कशाने टिकते आणि कशाने खचते, या प्रश्नाचा अभ्यास गेली काही दशके जगभरचे संशोधक करीत आहेत. त्यांतील काही महत्त्वाचे अभ्यास भारतातील तिबेटी मुलांवर आणि तरुणांवर झाले आहेत. त्या अभ्यासांतून निघणारे उत्तर आपल्यासारख्या आजी-आजोबांच्या आणि घरातील काळजीवाहकांच्या फार जवळचे आहे.

झाडीपट्टीतून जाणारी वाट

गोंदियाहून नागभीड-चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्जुनी मोरगाव हे स्थानक लागते. एके काळी या मार्गावर लहान रुळांची गाडी धावत असे. आता रूळ रुंद झाले आहेत, पण दोन्ही बाजूंचा देखावा तोच आहे. पावसाळ्यात गेलात तर रोवणी चाललेली दिसेल : गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया आणि त्यांच्या हातातील पऱ्ह्यांच्या जुड्या. दिवाळीनंतर गेलात तर गावोगावच्या मंडईची आणि झाडीपट्टीच्या नाटकांची धामधूम असेल. स्थानकापासून पुढचा प्रवास रस्त्याने. नवेगावबांधचे प्रसिद्ध जलाशय आणि राष्ट्रीय उद्यान याच तालुक्यात आहे. गाढवी नदीवरील इटियाडोह धरणही याच बाजूस आहे.

येथील प्रतापगड म्हणजे साताऱ्याकडचा शिवकालीन किल्ला नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. या प्रतापगडाच्या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेल्या बंगाली कुटुंबांच्या वस्त्याही याच तालुक्यात आहेत. दुरून आलेल्यांना सामावून घेण्याची या मातीला जुनी सवय आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

उंच पठारावरून भातशेतीत

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी कुटुंबांनी हिमालय ओलांडला. आरंभीच्या वर्षांत यांपैकी अनेकांनी हिमालयाच्या पायथ्याशी रस्ते बांधण्याची मजुरी केली. पुढे भारत सरकारने आणि निरनिराळ्या राज्यांनी त्यांना वसण्यासाठी जमिनी दिल्या. कर्नाटकातील बैलकुप्पे येथे १९६० मध्ये पहिली मोठी वसाहत झाली. महाराष्ट्रातील नोर्ग्येलिंग १९७२ मध्ये वसले. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. नोर्ग्येलिंग या नावाचा ढोबळ अर्थ ‘समृद्धी वाढविणारे स्थान’ असा होतो. नवे गाव वसवताना माणसे नावातच आशा पेरतात.

हा बदल शरीराला किती कठीण गेला असेल, याची कल्पना करून पाहा. तिबेटचे पठार सरासरी चार हजार मीटरांहून उंच. हवा कोरडी आणि थंड, पीक सातूचे. गोंदियाची भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना भिडतो, पावसाळ्यात हवा दमट, पीक धानाचे. याक आणि मेंढरे राखणाऱ्या हातांनी बांध्या घालायला शिकायचे होते. भाषा वेगळी, देव वेगळे, लोक वेगळे. त्या वेळी बोट धरून आलेली मुले आज साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. हातात प्रार्थनाचक्र घेऊन सावकाश प्रदक्षिणा घालणारे वृद्ध आपल्याला वसाहतीत दिसतील. त्यांच्या त्या फेरीला ते ‘कोरा’ म्हणतात. चालणे, जप आणि वाटेत भेटणाऱ्याशी दोन शब्द, असे तिन्ही एका फेरीत साधते. आपल्याकडील देवळाच्या प्रदक्षिणेहून ही फेरी फारशी वेगळी नाही.

हिवाळ्यातील घर

आपल्या शहरात थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेला किंवा मैदानावर तिबेटी स्वेटरांचा बाजार भरलेला आपण पाहिला असेल; कदाचित नातवंडांसाठी कानटोपीही घेतली असेल. भारतभरच्या तिबेटी वसाहतींतील कित्येक कुटुंबांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग या तीन-चार महिन्यांतून येतो. माल बहुधा लुधियानाकडून आणलेला असतो. ऑक्टोबरच्या सुमारास घरातील कर्ती माणसे दूरच्या शहरांत निघून जातात आणि थंडी सरता सरता, तिबेटी नववर्षाच्या म्हणजे लोसारच्या सुमारास परततात.

मधल्या काळात घरी कोण असते? म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. आजोबांना तिबेटी भाषेत ‘पोपो-ला’ आणि आजीला ‘मोमो-ला’ म्हणतात; ‘ला’ हा आदराचा प्रत्यय, आपल्या ‘जी’सारखा. थंडीच्या त्या महिन्यांत मुलाला ताप आला, शाळेत भांडण झाले, परीक्षेची भीती वाटली, तर पहिली हाक त्यांनाच जाते. म्हणजे या वसाहतींत मुलांच्या मानसिक आरोग्याचा पहिला काळजीवाहक बहुधा आजी किंवा आजोबाच असतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची स्थिती अगदी हीच आहे, फक्त कारण निराळे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले गावी आजीजवळ राहतात. नोकरीला परगावी असलेल्यांची मुलेही राहतात.

संशोधकांनी काय पाहिले?

तिबेटी मुलांवरील बहुतेक अभ्यास हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे झाले. तेथे १७ मे १९६० रोजी ५१ मुलांना घेऊन एक बालगृह सुरू झाले, तेच पुढे ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ म्हणून नावारूपास आले. मुलांना मोठ्या वसतिगृहात न ठेवता छोट्या छोट्या घरांत ठेवायचे आणि प्रत्येक घराला एक आई द्यायची, तिला सर्वांनी ‘अमा-ला’ म्हणायचे, अशी तेथील रीत. कारण यांतील कितीतरी मुले आईवडिलांना मागे ठेवून, बर्फातून चालत आलेली होती. २००८ पूर्वी दरवर्षी दोन-तीन हजार तिबेटी अशा रीतीने सीमा ओलांडत असत. त्यानंतर ही संख्या फारच घटली.

१९९८ मध्ये दावीद सेर्व्हाँ-श्राइबर या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी येथील ८ ते १७ वर्षे वयाच्या ६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भयंकर अनुभवाची आठवण वारंवार उसळून येणे, झोप उडणे, दचकणे अशा आघातोत्तर ताणाच्या विकाराचे प्रमाण त्यांत साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होते आणि तीव्र नैराश्याचेही तेवढेच. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. नऊ मुलांमागे जवळजवळ एक मूल आजारी होते, ही गोष्ट हलकी नाही. पण इतके सोसूनही बहुसंख्य मुलांना तो विकार जडला नव्हता, हीसुद्धा तितकीच मोठी गोष्ट आहे.

पुढे एमिली सॅक्स आणि सहकाऱ्यांनी धरमशालेत नव्याने आलेल्या ७६९ तिबेटींची पाहणी केली; ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. छळ, तुरुंगवास, धोक्याचा प्रवास असे अनुभव त्यांच्यात सर्रास होते. तरी मानसिक क्लेशाचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके कमी आढळले. सोसण्याच्या त्यांच्या रीती, त्यांतही मुख्यतः धार्मिक आचार, आणि आपल्यावर आलेल्या प्रसंगाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी यांचा त्यात वाटा असल्याचे संशोधकांना दिसले. मानवशास्त्रज्ञ सारा लुईस यांनी धरमशालेतील तिबेटींमध्ये राहून केलेल्या अभ्यासावर २०१९ मध्ये ‘स्पेशस माइंड्स’ हा ग्रंथ लिहिला. दुःख पुन्हा पुन्हा उगाळण्यापेक्षा मन ऐसपैस ठेवावे, आपल्यासारखेच इतरही सोसत आहेत हे ध्यानात घ्यावे, अशी तेथील लोकांची वृत्ती त्यांनी नोंदवली आहे.

हे निष्कर्ष गोंदियाच्या वसाहतीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. धरमशालेची मुले नुकतीच आलेली होती; नोर्ग्येलिंगमधील आजचे तरुण बहुतांशी येथेच जन्मलेले. त्यांनी बर्फाच्या खिंडी पाहिलेल्या नाहीत. त्यांच्या मनावरचे ओझे वेगळ्या जातीचे आहे. आपण नेमके कोठले, हा प्रश्न त्यांना शाळेच्या अर्जापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत भेटत राहतो. ज्या देशाला घर म्हणायचे तो कधी पाहिलेला नाही आणि ज्या गावी जन्म झाला तेथे अनोळखी माणूस ‘तुम्ही कुठून आलात?’ असेच विचारतो. कागदपत्रांचा भाग तर आणखी नाजूक. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्यांना कायद्याने जन्मसिद्ध नागरिकत्वाचा हक्क आहे. तरी अनेक तिबेटी तरुण आजही परकीय म्हणून दिलेल्या नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करून घेतात. काहींनी आपल्या ओळखीसाठी ते मुद्दाम तसेच ठेवले आहे, काहींपुढे दुसरा मार्ग नाही. रोजगारासाठी दिल्ली, बंगळूर किंवा परदेश गाठावा लागतो, आणि मग मागे राहिलेल्या आजी-आजोबांची काळजी त्यांना तेथे सुखाने झोपू देत नाही.

दोन दोर

मग अशा मुलांचे मन कशाने सावरते? स्थलांतरितांच्या मानसशास्त्रात जॉन बेरी हे नाव मोठे आहे. या कॅनेडियन अभ्यासकाने भारतीय सहकाऱ्यांसह बिहारमधील आदिवासी समाजांचाही अभ्यास केला होता. बेरी यांनी हा गुंता दोन साध्या प्रश्नांत मांडला. पहिला : आपली भाषा, आपले सण, आपली माणसे धरून ठेवायची का? दुसरा : ज्यांच्यात येऊन राहिलो त्यांच्याशी मैत्री करायची का? दोन्हींना ‘होय’ म्हणणारा मिसळतो, पण विरघळत नाही. फक्त पहिल्याला ‘होय’ म्हणणारा आपल्या आळीत कोंडला जातो. फक्त दुसऱ्याला ‘होय’ म्हणणारा आपले मूळ पुसून टाकतो. आणि दोन्हींना ‘नाही’ म्हणणारा अधांतरी राहतो.

२००६ मध्ये बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतील पाच हजारांहून अधिक स्थलांतरित किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांनी दोन्ही दोर हाती धरले होते, त्यांचे मानसिक स्वास्थ्य आणि शाळेतील व समाजातील वावर एकंदरीत सर्वांत चांगला होता. अधांतरी असलेल्यांची स्थिती सर्वांत बिकट होती. ज्यांना भेदभाव अधिक सोसावा लागला, त्यांची जुळवणीही कमी झाली. म्हणजे दुसरा दोर मुलाने एकट्याने धरून चालत नाही; त्याचे दुसरे टोक शेजाऱ्यांच्या हातात असते.

नोर्ग्येलिंगच्या वाटेवर हे दोन्ही दोर डोळ्यांना दिसतात. पहिला दोर आहे लोसारचा, प्रार्थनेचा, मोमो-लाच्या बोलीचा. दुसरा आहे आसपासच्या गावांचा : बाजारातील मराठी, शेजारच्या शेतकऱ्याशी पाण्यावरून होणारे बोलणे, दिवाळीनंतरची मंडई. घरी तिबेटी, शाळेत हिंदी-इंग्रजी आणि गावात मराठी बोलणारे मूल गोंधळलेले असते, असे आपल्याला वाटते. खरे तर त्याच्याकडे एका घराला दोन दारे असतात. दारे दोन्ही उघडी राहिली पाहिजेत, एवढेच.

पहिला दोर मुलाच्या हाती कोण देते? आईवडील कमाईत गुंतलेले असताना तो बहुधा आजी-आजोबाच देतात. या सगळ्या संशोधनातून आपल्याला घ्यायची गोष्ट हीच. गोष्ट सांगणारा, हाक मारणारा, रोज ठरलेल्या वेळी पान वाढणारा वृद्ध माणूस हा मुलाच्या मनाचा आधार असतो. मात्र त्याच आजोबांनी ‘त्यांच्यात फार मिसळू नकोस’ असे बजावले, तर ते नकळत दुसरा दोर कापतात.

लुंग म्हणजे वारा

तिबेटी वैद्यकाला ‘सोवा रिग्पा’ म्हणतात. भारत सरकारने २०१० मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. आपल्या वात, पित्त आणि कफांसारखी त्यातही तीन तत्त्वे आहेत : लुंग, त्रिपा आणि बेकेन. लुंग म्हणजे वारा. चिंता, शोक, जागरण आणि अतिश्रम यांनी लुंग बिघडतो, मग छातीत धडधडते, झोप लागत नाही, मन एका जागी ठरत नाही, असे हे शास्त्र सांगते. त्यावर उबदार व पौष्टिक आहार, विश्रांती, ऊबदार जागा आणि जिवलगांची संगत असे उपाय सुचवले जातात. संगतीला औषधाच्या यादीत बसवणारे हे शास्त्र म्हणून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

‘मला नैराश्य आहे’ म्हणायला संकोचणारे मूल ‘छातीत कसेतरी होते’ असे सहज म्हणते. आपल्याकडेही असेच घडते. म्हणून मुलाच्या शरीराच्या तक्रारीमागे मन आहे का, हे शांतपणे ऐकावे. परंतु आहार आणि संगत यांनी तीव्र नैराश्य बरे होईल, या भरवशावर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे लांबवू नये.

आपल्या घरातील नवागत

नवागत फक्त तिबेटी नसतो. गडचिरोलीहून नागपूरच्या वसतिगृहात आलेली मुलगी, मुलाच्या बदलीमुळे शाळा बदललेला नातू, परदेशातून परतलेली नात, आपली शुश्रूषा करण्यासाठी परगावाहून आलेली तरुण परिचारिका हे सर्व नवागतच. त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

पहिले, त्यांना नावाने हाक मारावी आणि नाव नीट उच्चारावे. ‘तुम्ही कुठले?’ याआधी ‘जेवलात का?’ हे विचारावे.

दुसरे, जुन्या गोष्टी सांगाव्यात, पण त्यांचे ओझे मुलाच्या खांद्यावर ठेवू नये. ‘आम्ही किती सोसले, आणि तुम्हाला किंमत नाही’ हे वाक्य टाळावे. ‘त्या कठीण काळात कोणी मदत केली’ हे सांगितले तर मुलाला धीर मिळतो.

तिसरे, त्यांचे नवे मित्र घरी येऊ द्यावेत. चहा-पोहे आपल्या हातचे असावेत.

चौथे, गप्प बसण्याचे दोन प्रकार ओळखावेत. जो शांत आहे पण वेळेवर जेवतो, झोपतो, हसतो, मित्रांत जातो, त्याला उगाच खोदून विचारू नये. ऐसपैस मनालाही एकांत लागतो. पण ज्याची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली आहे, आवडत्या गोष्टीत मन रमत नाही, शाळा टाळली जाते, मित्र तुटले आहेत, त्याचे गप्प बसणे आजाराचे असू शकते. जगणे नकोसे झाल्याचे शब्द ऐकू आले तर ते थट्टेवारी नेऊ नयेत. मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते.

पाचवे, आपली स्वतःची काळजी. मुलांना सांभाळणारी म्हातारी माणसे थकतात, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. आणि रोजची एक फेरी, मग तिला कोरा म्हणा की प्रदक्षिणा, शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने घालावी.

गेलात तर

थंडीत गोंदियाकडे जाणे झाले, तर नवेगावबांधचे पक्षी पाहून झाल्यावर नोर्ग्येलिंगचीही वाट धरावी. हे पर्यटनस्थळ नाही, लोकांचे राहते गाव आहे, एवढे भान ठेवावे. विहारात पादत्राणे बाहेर काढावीत, प्रदक्षिणा डावीकडून उजवीकडे घालावी, प्रार्थना करणाऱ्या वृद्धांची छायाचित्रे न विचारता घेऊ नयेत. कोणी भेटले तर ‘ताशी देलेक’ म्हणावे. उत्तर मराठीत आले तर आश्चर्य दाखवू नये. त्या मुलांसाठी ती आपली भाषा आहे, आणि ती तशी वाटत राहावी यात आपलाही वाटा आहे.